परतीचं वजन

चौथ्या मजल्यावरच्या मिसेस लिमनी ती स्कूटर आम्हाला फुकट दिली, तेव्हा तिच्या दोन बॅटऱ्यांपैकी एकीत सात व्होल्ट उरले होते आणि दुसरीत जेमतेम पाच. स्कूटर म्हणजे म्हाताऱ्या माणसांची, चार चाकांची, खुर्चीसारखं आसन आणि पुढे बास्केट असलेली. सिंगापूरच्या आमच्या तोआ पायोह भागात अशा गाड्या पावलोपावली दिसतात. मिस्टर लिम आदल्या वर्षी जानेवारीत वारले होते. गाडी त्यांच्या दाराशी धूळ खात उभी होती, आणि मिसेस लिमना ती डोळ्यांसमोर नको होती.

आम्हाला ती आईसाठी हवी होती. बाबा गेले, मग पुण्यातली सोसायटी पुनर्विकासाला गेली, आणि नवी इमारत होईपर्यंत म्हणून आई आमच्याकडे सिंगापूरला आली. त्या इमारतीचा पाया भरूनही आता वर्ष होऊन गेलं, पुढे काही नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. आमचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. मी आणि माझी बायको नंदा सकाळी आठला बाहेर पडायचो ते संध्याकाळी सातला परत. मधले अकरा तास आई दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची. गुडघे दुखत असतानासुद्धा.

"बस ना गं जरा," असं मी सुट्टीच्या दिवशी म्हणायचो.

"बसवत नाही रे," ती म्हणायची. "कुठे बसू तेच कळत नाही."

हॉलमध्ये सोफा होता, दोन खुर्च्या होत्या, तिची स्वतःची आरामखुर्ची होती. तिला काय म्हणायचंय ते मला समजत होतं. म्हणून मी बॅटऱ्यांच्या मागे लागलो.

मोटारीच्या इंजिनाला लागणारी बॅटरी वेगळी. तिने एकदा जोरदार झटका दिला की काम झालं. स्कूटरची बॅटरी दिसायला तशीच, वजनाला तेवढीच, पण तिला तासन्‌तास थोडं थोडं देत राहायचं असतं. डीप सायकल म्हणतात हिला. निम्मी रिकामी झाली की तिला पुन्हा भरून ठेवायचं, आणि काहीही झालं तरी रिकामी पडू द्यायची नाही. रिकामी पडली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत बॅटरी दगड होते. या दोघी वर्षभर तशाच पडून होत्या.

माझा नवा चार्जर तर त्यांना ओळखायलाच तयार नव्हता. एवढ्या कमी व्होल्टला त्याच्या लेखी समोर बॅटरीच नसते. मग मी ऑफिसातल्या एका यूपीएसची चांगली बॅटरी आणून ती मेलेल्या बॅटरीला समांतर जोडली आणि चार्जरला फसवलं. दोन तासांनी आधार काढून घेतला. चार्जर चालूच राहिला. पुढचे सहा दिवस स्वयंपाकघरामागच्या कपडे वाळवायच्या जागेत, खिडकी सताड उघडी ठेवून, एकेकीला अगदी हळू भरत होतो. थर मोडण्यासाठी चार्जरवर वेगळं बटण असतं, ते लावलं. दर दोन तासांनी हात लावून बघायचो, तापली तर बंद. ऑफिसात असलो की आईला फोन करायचो. "हात लाव, कोमट आहे का कढत?" ती म्हणायची, "कोमट. ताप उतरलेल्या पोरासारखी."

सातव्या दिवशी दोघींनाही चोवीस तास नुसतं ठेवलं आणि मग व्होल्ट मोजले. बारा पॉइंट सहा, बारा पॉइंट पाच. हेडलाइटचा दिवा लावून पाहिलं, तर मूळ ताकदीच्या तीन चतुर्थांश तरी शिल्लक होती. मला त्या दिवशी जेवताना उगाच हसू येत होतं.

पुढचं समजायला माझं काम सांगायला हवं. मी इमारतींमधली हवा मोजणारी उपकरणं तपासतो. बंद खोलीत माणसं श्वास सोडतात, तसा कार्बन डायऑक्साइड वाढतो. तो मोजणारं मीटर खरं बोलतंय की नाही, हे ठरवणं हा माझा धंदा. त्यामुळे स्कूटरलाही मी एक छोटं मीटर बसवलं, बॅटरीतून किती अँपिअर-तास गेले ते मिनिटागणिक लिहून ठेवणारं. निम्म्याच्या खाली जायचं नाही, हे आईच्या लक्षात राहिलं नसतं.

पहिले दोन दिवस मी रजा काढून सोबत चाललो. तिसऱ्या दिवसापासून आई एकटी जायला लागली. चारला निघायची, साडेपाचला घरात. छत घातलेल्या पायवाटेने बाजारापर्यंत, तिथून छोट्या बागेला वळसा, आणि बागेपलीकडे रिकाम्या केलेल्या एका ब्लॉकसमोर (इथे अख्ख्या इमारतीला ब्लॉक म्हणतात) चार बाकं होती तिथे थांबा. त्या ब्लॉकमधल्या लोकांना नवी घरं देऊन हलवलं होतं आणि इमारत पाडायची होती. दहा मजले, सगळ्या खिडक्या बंद, पत्रपेट्यांच्या तोंडांवर चिकटपट्ट्या. वाळत घातलेले कपडे नसले की इथली इमारत ओकीबोकी दिसते.

"तिथे काय बघतेस?" नंदाने विचारलं.

"काही नाही. सावली आहे. कोणी नसतं. बरं वाटतं बसायला."

बसायला बरं वाटतं, हे दीड वर्षात आई पहिल्यांदा म्हणाली. मी संध्याकाळी गाडी आत घ्यायचो, चार्जर लावायचो आणि हिरवा दिवा लागेपर्यंत अधूनमधून बघत राहायचो.

पहिल्या शनिवारी मी मीटरवरचे आकडे वहीत उतरवले.

घर ते बाकं, दीड किलोमीटरला थोडं कमी. जाताना सव्वादोन अँपिअर-तास. येताना सव्वातीन. रोज. जाताना सव्वादोन, येताना सव्वातीन.

रस्त्याला चढ असेल म्हणून मी फोनवर उंची तपासली. सपाट. वारा म्हणावा तर तो रोज दिशा बदलत होता. ब्रेक घासतोय का ते चाकं उचलून फिरवून पाहिलं. बास्केटमध्ये पालकाच्या दोन जुड्या आणि एक नारळ, त्याने काय होणार? रविवारी सकाळी मी स्वतः गाडीवर बसलो. माझं वजन आईपेक्षा पंधरा किलो जास्त. जाताना अडीच, येताना अडीच. बाकांपाशी दहा मिनिटं थांबूनही.

एक अँपिअर-तास जादा म्हणजे या गाडीवर साधारण साठ किलो जादा. हे गणित मी दोनदा केलं.

त्या संध्याकाळी आई परत आल्यावर मी सहज म्हणून विचारलं, "आई, येताना कोणाला मागे बसवतेस का?"

"मागे बसायला जागा कुठे आहे?" ती म्हणाली, आणि नारळ घेऊन आत गेली.

नाही, असं ती म्हणाली नाही.

दुसऱ्या आठवड्यात मधे दोन दिवस जोराचा पाऊस झाला, आई गेली नाही. बाकीचे दिवस गेली. घरात छोट्या छोट्या गोष्टी बदलत होत्या आणि त्या नंदाने आधी टिपल्या.

"घरात कोंदटल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "एसी चोवीसवर ठेवला तरी गार होत नाही. आणि हा वास कसला?"

वास मलाही आला होता. इथली म्हातारी माणसं कपाळाला आणि गुडघ्यांना हिरवं तेल चोळतात, त्याचा. मला वाटलं आईने गुडघ्यांसाठी बाजारातून आणलं असेल. आई म्हणाली, "मी कशाला आणू? माझं नारायण तेल आहे की."

भात रोज उरत होता. आई म्हणायची, अंदाज चुकला. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईचा अंदाज रोज कसा चुकेल? सोफ्यावर ती मधोमध बसायची, ती आता एका कडेला बसायला लागली होती. टीव्ही बघता बघता मधेच पाय जवळ ओढून घ्यायची, कोणी समोरून जात असल्यासारखे, आणि मग पुन्हा सोडायची. येरझाऱ्या मात्र थांबल्या होत्या. चेहरा निवांत झाला होता. पुण्याच्या इमारतीचं काय झालं, हा रोजचा प्रश्नही ती विसरली होती.

शनिवारी मी ऑफिसातून हवेचं मीटर घरी आणलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हॉलची दारं-खिडक्या बंद केल्या, एसी लावला, आणि आम्ही तिघं तासभर बसलो. मी पेपर वाचत होतो. नंदा फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. आई डोळे मिटून बसली होती.

तीन माणसं, एवढा हॉल, एक तास. मीटर अकराशेच्या आसपास जायला हवं होतं.

ते एकतीसशेवर होतं.

सोमवारी मी मीटर प्रयोगशाळेत नेलं, प्रमाणित वायू सोडून तपासलं. वीसचा फरक. म्हणजे मीटर खरं बोलत होतं. मी टेबलाशी बसून भागाकार केला. बाहेरच्या हवेचा आकडा वजा केला, उरलेल्याला एका माणसाच्या हिश्शाने भागलं. उत्तर बारा आलं.

आम्ही तिघं. वहीत आईच्या एकट्या फेऱ्या मोजल्या. त्या रविवारपर्यंत नऊ झाल्या होत्या.

सहकाऱ्याने विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, झोप कमी झाली.

संध्याकाळी घरी येताना लिफ्टमध्ये मिसेस लिम भेटल्या. हातात संत्र्यांची पिशवी होती. आई गाडी वापरते हे त्यांनी पाहिलं होतं.

"चालतेय का बरी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी म्हटलं, बॅटऱ्या पूर्ण मेल्या होत्या, पण जिवंत केल्या.

मिसेस लिम लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. "बॅटरी ओके वन," त्या म्हणाल्या. "नवीनच होत्या. माझ्या नवऱ्यानेच चार्जर काढून ठेवला. आय आस्क हिम, व्हाय. ही से, कमिंग बॅक, टू हेवी, लाह. येताना फार जड होते म्हणे."

"ते कुठे जायचे फिरायला?"

"जुन्या ब्लॉककडे. आम्ही तिथेच राहायचो ना, एकतीस वर्षं." चौथा मजला आला. त्या उतरल्या, आणि दार बंद होता होता वळून म्हणाल्या, "युवर मदर इज अ गुड पर्सन. मी संध्याकाळी खाली लिफ्टपाशी ऐकते. सगळ्यांशी बोलते ती."

मी त्याच दिवशी चार्जरची पिशवी भरली आणि मंगळवारी ऑफिसात नेऊन ठेवली. आईला सांगितलं, चार्जर बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. गाडी दाराशी उभी राहिली. चार्जरशिवाय दोन दिवस, तीन दिवस. बॅटरी अशी अर्धवट भरलेली ठेवणं वाईट, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पांढरा थर पुन्हा चढायला लागला असेल, असं ऑफिसात बसून मनात यायचं आणि हायसं वाटायचं.

आईचं जेवण कमी झालं. चार वाजले की ती दाराच्या जाळीशी जाऊन उभी राहायची, असं शेजारणीने नंदाला सांगितलं. तासभर, जाळी धरून.

घरात मी दोन मीटरं ठेवली होती. एक दाराजवळ, एक खिडकीजवळ. गुरुवारी घरून काम केलं. दुपारी आई आरामखुर्चीत बसली होती, अजिबात हलत नव्हती. मी लॅपटॉपवर दोन्ही मीटरांचे आलेख लावले होते. दाराजवळचा आकडा चढायचा, खिडकीजवळचा उतरायचा. काही मिनिटांनी खिडकीजवळचा चढायचा, दाराजवळचा उतरायचा. मग पुन्हा दाराजवळचा. हवा अशी वागत नाही. बंद खोलीत ती हळूहळू सगळीकडे सारखी होते. मी वीस मिनिटं बघत राहिलो, आणि मग मला कळलं की ही लय मी गेलं दीड वर्ष ओळखतो.

"आई," मी म्हटलं, "हे काय चाललंय घरात?"

तिने डोळे उघडले. "त्यांना बसवत नाहीये," ती म्हणाली. "मागे राहिलेल्यांची काळजी लागलीये."

"कोणाला? कोण मागे राहिलंय?"

"मला काय माहीत नावं? मला त्यांची भाषा येते का?" ती थोडी चिडूनच म्हणाली. मग आवाज खाली आला. "अरे, घर बंद करून माणसं गेली, तरी सगळी कुठे जातात? काही राहतात. सोमवारपासून पाडणार आहेत ना ती बिल्डिंग. बोर्ड लावलाय. चार्जर आण."

"आणि मी नाही आणला तर?"

"तर मी चालत जाईन," आई म्हणाली.

ती गेली असती. मला तिचे गुडघे माहीत होते आणि तिचा स्वभावही माहीत होता.

नंदाला मी त्या संध्याकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत बसून सगळं सांगितलं. वही दाखवली. ती बँकेत काम करते. आकडे बघितल्यावर तिने एकही उलट प्रश्न विचारला नाही. वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"मला बाथरूमच्या बाहेर थांबावं लागतं," ती म्हणाली. "आत कोणी नसतं, हे मला दिसतं. तरी मी थांबते. मी तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाला असतास, मोजून बघू." मग म्हणाली, "आण चार्जर. त्या चालत गेल्या आणि पडल्या, तर ते मला सहन होणार नाही."

शुक्रवारभर मी बॅटऱ्या भरल्या. हिरवा दिवा लागायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. शनिवारी चारला आई निघाली, आणि मी तिच्या बाजूने चालत.

ढगाळ होतं, पण उकडत होतं. बाजारात नेहमीची वर्दळ होती. बागेत दोन म्हातारे ताई-ची करत होते. बाकांपर्यंत गाडी हलकी चालली. सव्वादोन.

रिकाम्या ब्लॉकभोवती पत्र्याचं कुंपण अर्धं लागलं होतं. आत पिवळं यंत्र उभं होतं, चालक नव्हता. खालच्या मोकळ्या जागेत एका खांबाशी उदबत्त्यांच्या काड्यांचा पुंजका राखेत रोवलेला दिसत होता. आई गाडीवरून उतरली नाही. हात मांडीवर ठेवून इमारतीकडे बघत बसली. मी घड्याळ बघत होतो. काही झालं नाही. एक साळुंकी बाकावर येऊन बसली आणि लगेच उडाली. त्याच बाकावर ती पुन्हा बसायला आली आणि पुन्हा उडाली.

पंधरा मिनिटांनी आई म्हणाली, "चल."

तिने दांडा दाबला. मोटर गुणगुणली. गाडी हलली नाही.

मी खाली पाहिलं. मागची दोन्ही चाकं हवा गेल्यासारखी चपटी झाली होती. सकाळीच मी हवा भरली होती.

"ढकल रे जरा," आई म्हणाली.

मी खुर्चीची पाठ धरून ढकललं. गाडी इंचभर सरकली, मग अजून इंचभर, मग चालायला लागली, माझ्याही चालीपेक्षा हळू. मीटरवर साठ अँपिअर. सपाट रस्त्यावर. हा आकडा मी कधी पाहिला नव्हता. व्होल्ट उतरत होते. चोवीस. तेवीस. माझ्या दोन्ही बाजूंनी, मानेच्या मागे, हिरव्या तेलाचा वास येत होता.

समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. ती आमच्याकडे बघतही नव्हती. फोन बघत, पिशव्या सांभाळत, रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन चालत होती. एवढी रुंद पायवाट, आणि आमच्या मागेही बरीच लांबपर्यंत माणसं कडेनेच चालली होती.

पंधरा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला सव्वा तास लागला.

आमच्या ब्लॉकखाली पोहोचलो तेव्हा आसनाखालून कढत वास येत होता. मी झाकण उचललं. दोन्ही बॅटऱ्या फुगल्या होत्या. वीस व्होल्ट.

लिफ्ट आली. आत कोणी नव्हतं. मी गाडी आत ढकलली, आईसकट. मी पाय आत टाकला आणि लिफ्ट वाजायला लागली.

वजन जास्त झालं की वाजते तशी. तेरा माणसांची लिफ्ट.

मी बाहेर आलो.

ती वाजतच राहिली.

आत आई होती, गाडी होती, आणि बाकी स्टीलच्या भिंती. बटणांच्या वर लाल दिवा लुकलुकत होता. दार मिटत नव्हतं. मी बाहेर उभा, ती आत. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने मान थोडी वळवली, लग्नघरात पाहुण्यांना सांगावं तशी, आणि हळू आवाजात मराठीत म्हणाली,

"सगळे एकदम नको. थोडे थोडे करून या."

आवाज थांबला.

मी आत गेलो. दार मिटलं. मी अकरा नंबरचं बटण दाबलं.

नंदाने दार उघडून ठेवलं होतं. तिने आईला उतरवून घेतलं. मी गाडी ओढून आत घेत होतो, तेव्हा मागे लिफ्ट खाली गेली. परत वर आली. अकराव्यावर थांबली, दार उघडलं, बराच वेळ उघडं राहिलं, मिटलं. खाली गेली. पुन्हा वर आली. मी जाळीच्या आत उभा राहून मोजत होतो. सात वेळा. जाळीचं दार नंदाने तोपर्यंत लावलं नव्हतं. सातव्या वेळेनंतर आई आतून म्हणाली, "आता लावलंस तरी चालेल गं." तेव्हा तिने लावलं.

त्या बॅटऱ्यांनी पुन्हा कधी चार्ज घेतला नाही. यूपीएसची बॅटरी लावून पाहिली, थर मोडायचं बटण लावून पाहिलं. दोघींचेही व्होल्ट शून्य. मी त्या विजेच्या टाकाऊ सामानाच्या केंद्रावर देऊन आलो. मिसेस लिमना सांगितलं. तो ब्लॉक आता नाही. तिथे सपाट माती आहे आणि पत्रे.

आईला स्कूटर नको आहे. ती बाहेर जायचं म्हणत नाही. पुण्याच्या बिल्डरचा परवा फोन आला होता, काम सुरू होतंय म्हणून. आई म्हणाली, भाड्याने देऊन टाक, मी इथेच बरी आहे. ती दुपारी शांत झोपते. चेहऱ्यावर तेज आहे. नंदा आणि मी एकमेकांशी खालच्या आवाजात बोलतो, आणि खोलीत जाताना क्षणभर थांबतो. खिडक्या आता आम्ही कायम उघड्या ठेवतो. हवेची मीटरं मी ऑफिसात परत नेऊन ठेवली. घरी आणून मोजावं असं मला वाटत नाही.

गेल्या शुक्रवारी सकाळी डेंग्यूच्या डासांची तपासणी करणारा अधिकारी आला. तरुण मलय माणूस, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. बाथरूम आणि झाडांच्या कुंड्यांखालच्या बशा बघायच्या होत्या. मी जाळी उघडली. तो बूट काढायला वाकला आणि तसाच थांबला. इकडेतिकडे बघितलं. मग दोन पावलं मागे गेला आणि बूट शेजाऱ्यांच्या दारासमोर नीट लावून ठेवले.

"सॉरी हं, सर. आज घरी काही कार्यक्रम आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आम्ही तिघंच असतो."

तो कसनुसं हसला. मी खाली पाहिलं. उंबऱ्याबाहेर आईच्या सपाता होत्या, नंदाच्या चपला होत्या, माझे बूट होते. बाकी लादी स्वच्छ, रिकामी.

त्याने एका हाताने चौकट धरली आणि त्या रिकाम्या लादीवरून, कशावर पाय पडू नये अशा बेताने, एकेक पाऊल उंच उचलून टाकत तो आत आला.